तिसरी पायरी

ब्रनो शहरात, सायकलदुरुस्तीच्या दुकानावर
आमची खोली. नोव्हेंबर.
रेडिएटर एकाच टोकाला तापतो,
म्हणून सगळ्या खुर्च्या त्या टोकाला.
टेबलावर यादी, माझ्याच अक्षरात :
आमच्या कंपायलरनं कुठल्या कुठल्या यंत्रांशी बोलायचं.

पहिल्या पायरीवर ती, जी सगळ्यांच्या दप्तरात असतात.
त्यांच्याबद्दल बैठकीत कुणी बोलत नाही.
दुसरीवर : बांधून देऊ, चालतंय का ते तुमचं तुम्ही बघा.
तिसरीवर एकच नाव उरलंय
आणि त्या नावाचं यंत्र कोपऱ्यात घुरघुरतंय
अकरा वर्षं,
डोक्यावर कुणाचे तरी ओले हातमोजे वाळत घेऊन.

झ्दिस्लावा म्हणाली, बाकीच्यांची चाचणी बावीस मिनिटांत होते,
याची एकोणीस तासांत.
रोज सगळे खोळंबतात,
पंगत खोळंबावी एका रुसलेल्या व्याह्यासाठी तसे
(हे शेवटचं माझं, तिचं नाही).
बोहदान म्हणाला, आणि आकडे उलटे धरतं.

उलटे म्हणजे काय, ते मी पहिल्या वर्षीच विचारलं होतं.
तेव्हा व्लास्तिमिल मला भाजीबाजारात घेऊन गेला.
पंचवीस इथं दोन तऱ्हांनी म्हणतात :
बँकेत आधी वीस, मग पाच;
बाजारात आधी पाच, मग वीस.
मला एकदम घरचं वाटलं.
"आमचं म्हातारं बँकेतलं," तो म्हणाला, "बाकी सगळी बाजारातली.
पैसे तेवढेच. मोजणाऱ्याला फक्त ठाऊक हवं
समोरचा कुठल्या टोकानं सुरू करतोय."

हे ठाऊक असणं म्हणजे चार हजार एकशे बारा ओळी.
सगळ्या त्याच्या.

वापरतं कोण?
ठाऊक असलेला एकच. मोरावा नदीवरच्या एका बंधाऱ्याचा रखवालदार,
यारोमीर श्क्वोर. दारं किती वर उचलायची
ते त्याचं यंत्र ठरवतं, आमच्या भाषेत.
दर जानेवारीत त्याचं कार्ड : चालतंय. आभार.
मागच्या बाजूला बहुतेक वेळा बदकं.

"एका माणसासाठी?" क्व्येता म्हणाली,
आणि म्हणून झाल्यावर तिलाच बरं वाटलं नाही.
शून्य असते तर सोपं होतं.
हजार असते तरी सोपं होतं.
एक हा वाईट आकडा,
कुठल्याही टोकानं म्हणा, एकच.

हात वर करायची वेळ आली
तेव्हा पहिला हात व्लास्तिमिलचा. काढून टाका, म्हणणारा.
"पुढच्या वर्षी मी नसलो
तर यातली एक ओळ कुणाला दुरुस्त करता येईल?"
रेडिएटर टकटकला.
"मग हा आधार नव्हे. दुकान बंद करून
पाटी तेवढी ठेवलीय."

ओळी त्यानंच पुसल्या. चहा ओतायच्या आत झालं.
मग बटण.
पंखा बराच वेळ थांबत राहिला,
आणि तो थांबल्यावर कळलं, खाली दिवसभर
कुणीतरी शीळ घालत साखळ्या बसवतं.

श्क्वोर यांना पत्र मी लिहिलं. चौथा खर्डा पाठवला.
जुनं आहे ते चालत राहील.
नवं शिकवायला मात्र आम्ही नसू.
क्षमस्व, हा शब्द घातला, काढला, घातला.

जानेवारीत कार्ड आलं. बदकं.
*चालतंय. आभार.
माझ्याकडची आवृत्ती सात वर्षांपूर्वीची,
बदलायची कधी गरजच पडली नाही.
यंदा पाणी कमी आहे.*

मी मोठ्यानं वाचलं.
क्व्येतानं सात वर्षांच्या रात्री गुणिले एकोणीस
कागदावर मांडलं आणि उत्तर न काढता कागद दुमडला.
मग आम्ही कुणाला धरून होतो इतकी वर्षं,
हे कुणी विचारलं नाही. बोहदान हसायला लागला होता,
तोही थांबला.

व्लास्तिमिलनं कार्ड नेऊन
कोपऱ्यातल्या यंत्राला टेकवून ठेवलं.
थंड झालंय ते आता.
हातमोजे अजून कुणी नेलेले नाहीत.